कुमिहिमोची उमेदवारी

जपानी रेशमी गोफांची विद्या, जिला तेथे कुमिहिमो म्हणतात, शिकू पाहणाऱ्या नवख्या माणसाने आरंभ कोठून करावा, हा प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाही. कारण त्याचे उत्तर देणाऱ्यांत दोन तट पडलेले आहेत, आणि दोन्ही तटांवर या कामात हयात घालवलेली माणसे आहेत. एका पक्षाचे म्हणणे असे की, काठाला ३२ खाचा पाडलेली फोमची एक चकती, आठ रंगीत धागे आणि एक मोकळी दुपार एवढ्या सामग्रीवर जो गोफ उतरतो तो पाहून माणसाला हुरूप येतो, आणि हुरूप हेच कोणत्याही हस्तविद्येचे पहिले भांडवल होय. दुसऱ्या पक्षाला हे मान्य नाही. त्याच्या मते चकतीवर बसणारा माणूस नक्षी शिकतो, विद्या शिकत नाही. विद्या शिकायची तर मारुदाई नावाच्या लाकडी गोल अडणीपुढेच बैठक मारली पाहिजे आणि हातून उतरलेले पहिले वेडेवाकडे गोफ मुकाट्याने उसवले पाहिजेत. प्रस्तुत लेखकाचा कौल पुष्कळ अंशी या दुसऱ्या पक्षाला आहे, परंतु त्या पक्षाची मंडळी सामान्यतः जी कारणे देतात त्यांसाठी नव्हे. परंपरेचा मान राखायचा म्हणून मारुदाई घ्यावी, असे सांगणे म्हणजे कारण न देता हुकूम सोडणे होय, आणि हौसेने शिकायला आलेला माणूस हुकमाला फार दिवस जुमानत नाही.

या विद्येचे स्वरूप आधी पाहू. वस्त्र विणताना उभा ताणा व आडवा बाणा असे धाग्यांचे दोन वर्ग पडतात आणि त्यांची कामे वेगळी असतात. दोर वळताना सर्व पेड एकमेकांभोवती एकाच दिशेने पिळले जातात आणि तो पीळ सुटू नये म्हणून प्रत्येक पेडाला आधी उलट पीळ द्यावा लागतो. गोफात यांपैकी काही नाही. येथे प्रत्येक पेड तिरपा चालतो, इतरांच्या वरून किंवा खालून जातो, काठाशी पोचला म्हणजे वळतो, आणि ताण्याचे व बाण्याचे काम आळीपाळीने स्वतःच करतो. आपल्याकडची तिपेडी वेणी हे याचे सर्वांत साधे रूप. या तिरपेपणामुळेच गोफ ओढला की बारीक व लांब होतो, सोडला की पूर्ववत आखडतो. म्हणजे धागा स्वतः ताणला न जाताही गोफाला एक प्रकारची लवचीकता येते. ज्या ज्या कामी जपानने गोफ वापरले, त्या प्रत्येक कामी हाच गुण उपयोगी पडलेला दिसतो.

नारा येथील शोसोइन या आठव्या शतकातील शाही भांडारात आणि होर्यूजी मंदिराच्या संग्रहात जे जुने गोफ जपलेले आहेत, ते पाहिले तर या विद्येने आपली प्रौढ दशा फार लवकर गाठली असे म्हणावे लागते. पुढे सूत्रग्रंथांच्या गुंडाळ्या बांधण्यापासून दरबारी पोशाखापर्यंत तिचा संचार झाला. आणि सामुराईंचा अंमल सुरू झाल्यावर चिलखतातील लोखंडी व कातडी पट्ट्या एकमेकींना जोडण्याचे काम गोफांकडे आले. ओदोशि या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या जोडणीला एकेका चिलखतामागे शेकडो मीटर गोफ लागे. एदो राजवटीच्या दीर्घ शांततेत चिलखते कोठीत गेली तरी तलवार कमरेला राहिली, तिच्या म्यानाला सागेओ नावाची दोरी राहिली, आणि म्हणून गोफकरांचा चरितार्थही राहिला. १८७६ मध्ये मेइजी सरकारने तलवार बाळगण्यास मनाई करणारे फर्मान काढले तेव्हा मात्र या धंद्याचे मुख्य गिऱ्हाईक एका सहीनिशी नाहीसे झाले. त्याला तारले ते स्त्रियांच्या पोशाखाने. एदो शहरातील कामेइदो तेन्जिन देवस्थानाचा कमानदार पूल १८१७ मध्ये पुन्हा उभा राहिला, त्या समारंभाला फुकागावाच्या गेइशांनी किमोनोवरची ओबी, म्हणजे रुंद कमरपट्टा, मागे फुगवून बांधली आणि ती तऱ्हा रूढ झाली, अशी कथा सांगतात. ती गाठ घसरू नये म्हणून ओबीवरून जी दोरी आवळतात ती ओबिजिमे. तलवारीच्या दोऱ्या करणारे हात पुढे याच कामाला लागले.

आज या धंद्याचे केंद्र म्हणून ज्याचे नाव प्रथम घेतले जाते ते इगा, म्हणजे मिए प्रांतातील उएनो व त्याचा परिसर. हेरांच्या कथांमुळे हे गाव अधिक प्रसिद्ध आहे, ही गोष्ट वेगळी. तेथील आधुनिक गोफधंद्याचा पाया हिरोसावा तोकुसाबुरो या गृहस्थाने तोक्योतून ही कला शिकून येऊन १९०२ मध्ये घातला आणि नंतर घरोघरी बायका उंच अडणीपुढे बसून ओबिजिमे करू लागल्या. १९७६ मध्ये जपान सरकारने इगा व क्योतो या दोन्ही ठिकाणच्या गोफांना पारंपरिक हस्तव्यवसाय म्हणून अधिकृत मान्यतेची सनद दिली. सनद मिळाली म्हणजे धंद्याची चिंता मिटली असे होत नसते. किमोनो हा नित्याचा पोशाख राहिला नाही, तेव्हा ओबिजिमेचे गिऱ्हाईकही सणासमारंभापुरते उरले. गोफ करणाऱ्या घराण्यांनी शिकवणीचे वर्ग उघडले याचे एक कारण विद्याप्रेम असेल, दुसरे हे आहे.

नवख्या माणसाला या इतिहासाचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. प्रयोजन असे की, ज्या अडणीला आपण परंपरेचे पीठ समजतो ती स्वतः मुळात उत्तरकालीन आहे. शोसोइनमधील गुंतागुंतीचे गोफ कोणत्या साधनावर झाले असावेत, याचा मासाको किनोशिता यांनी कसून शोध घेतला आणि १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात असे दाखवून दिले की, ते अडणीवर नव्हे तर हातात धरलेल्या धाग्यांच्या फाशांवर झाले. धागा दुमडून त्याचा फासा करायचा, असे अनेक फासे दोन्ही हातांवर अडकवायचे, एका हातावरचा फासा दुसऱ्यातून ओढून घ्यायचा आणि बाहू पसरून वीण घट्ट करायची, अशी ही पद्धत; तिला कुते-उचि म्हणतात. स्वित्झर्लंडच्या नोएमी स्पायझर यांनी १९८३ मध्ये गोफविद्येचे जे शास्त्रशुद्ध वर्गीकरण केले आणि पुढे जुन्या इंग्रजी हस्तलिखितांतील गोफांच्या कृतींचा जो उलगडा केला, त्यावरून हीच फाशांची पद्धत पंधराव्या शतकातील इंग्लंडातही घरोघर ठाऊक होती असे दिसते. गोफ लांब असला की तेथे दोन माणसे लागत; एक फासे फिरवी आणि दुसरा दूर उभा राहून वीण आवळीत जाई. म्हणजे ताण देणे हे इतके स्वतंत्र काम होते की त्यासाठी वेगळा माणूस नेमावा लागे, आणि ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. अडणी आली ती या दुसऱ्या माणसाच्या जागी.

मारुदाईची रचना आता जवळून पाहू. वरती मध्ये भोक असलेली, हात फिरवला तर कोठेही अडू नये इतकी गुळगुळीत घासलेली लाकडी तबकडी. तिला कागामी, म्हणजे आरसा, असे नाव आहे. ती चार खांबांवर एका पाटासारख्या बैठकीला जोडलेली असते, आणि जमिनीवर बसून काम करायचे असेल तर सगळ्याची उंची सुमारे ४० सेंटीमीटर पुरते. धागे गुंडाळलेली रिळे तबकडीच्या काठावरून सभोवार लोंबत असतात. या रिळांना तामा म्हणतात. मध्ये बारीक, दोन्ही टोकांना फुगीर आणि पोटात शिसे भरून सारख्या वजनाची केलेली अशी ही रिळे ७०, ८५ किंवा १०० ग्रॅमची असतात. सर्व धाग्यांची आरंभीची टोके एकत्र बांधून मधल्या भोकातून खाली सोडतात आणि त्या गाठीला एक लहान पिशवी टांगतात, हा झाला पासंग. ७० ग्रॅमची आठ रिळे असतील तर त्यांचा एकूण भार ५६० ग्रॅम. पासंग याच्या निम्म्याच्या आसपास, किंचित कमीच, म्हणजे २५० ग्रॅमच्या घरात ठेवावा असा सर्वसाधारण प्रघात आहे.

या प्रघाताच्या पोटात सगळे शास्त्र आहे. रिळे धाग्यांना बाहेर ओढतात, पासंग तयार गोफाला खाली ओढतो, आणि या दोन ओढींचा जेथे तोल साधतो, बरोबर त्या बिंदूवर, तबकडीच्या मध्यभागी, गोफ घडतो. पासंग वाढवला की गोफ लवकर खाली खेचला जातो, पेड उभट बसतात, वीण लांबट व मऊ होते. कमी केला की पेड आडवे दाटतात आणि गोफ आखूड, जाड व ताठ होतो. तीच रिळे, तेच रेशीम, तीच नक्षी, पण ओबिजिमेला हवा तसा लवणारा गोफ किंवा पिशवीच्या बंदाला हवा तसा कणखर गोफ हा फरक पिशवीतल्या चार नाण्यांनी पडतो. उलट, आठांतले एक रीळ हलके निघाले तर त्याचा पेड सैल राहून गोफाच्या अंगावर फुगून दिसतो, आणि घडणीचा बिंदू मध्य सोडून एका बाजूला सरकतो. तो सरकलेला बिंदू हाच नवशिक्याचा खरा गुरू आहे. नक्षी चुकली की नाही हे गोफ खाली उतरल्यावर कळते. ताण चुकला हे मात्र त्याच क्षणी तबकडीच्या मधोमध दिसते, आणि कोणीही जवळ नसताना दिसते.

आठ रिळांचा कोंगो नावाचा गोफ आरंभी घ्यावा, याविषयी सर्व शिक्षकांचे जवळजवळ एकमत आहे. उत्तर, दक्षिण, पूर्व, पश्चिम अशा चार दिशांना दोन-दोन रिळे असतात. उजव्या हाताने उत्तरेकडच्या जोडीतले उजवे रीळ उचलून दक्षिणेकडच्या जोडीच्या उजव्या बाहेर ठेवायचे, आणि त्याच वेळी डाव्या हाताने दक्षिणेकडचे डावे रीळ उत्तरेच्या डाव्या बाहेर न्यायचे. मग हाच प्रकार पूर्व-पश्चिमेला. सगळी रिळे एकाच दिशेने फिरत जातात आणि खालून नागमोडी रेषांचा, गोल, घट्ट गोफ बाहेर पडू लागतो. कृती इतकीच असल्याने ती अर्ध्या तासात पाठ होते आणि शिकणाऱ्याला वाटते, झाले. प्रत्यक्षात येथून कामाला सुरुवात होते. दोन्ही हात बरोबरीने उचलले पाहिजेत, कारण एक हात मागे राहिला तर तेवढ्या वेळापुरता तोल बिघडतो. रीळ हवेत उडवू नये, धाग्याचा ताण न सोडता कमानीने न्यावे आणि काठावर अलगद टेकवावे. गोफ जसजसा खाली उतरतो तसतशी रिळे वर चढतात. मग धागा सोडावा लागतो. रिळावरचा धागा सुरगाठीसारख्या एका वेढ्याने अडकवलेला असतो. रीळ आडवे धरून ढील दिली आणि एक गिरकी दिली की तेवढाच धागा मोकळा होतो आणि पुन्हा आपोआप अडकतो. आठही रिळे एका उंचीवर लोंबत राहतील अशा बेताने हे करत राहणे, आणि ते करताना क्रम न विसरणे, यांत हात बसायला वेळ लागतो. हात बसलेला माणूस ओळखायचा तो आवाजावरून. लाकडावर लाकूड टेकण्याचा जो बारीक टक्-टक् ध्वनी होतो तो त्याच्याकडे सारख्या अंतराने येतो.

गोमंतकात, विशेषतः काणकोणाकडे, शिगम्यात जो गोफ खेळतात तो ज्यांनी पाहिला आहे त्यांना वरची सगळी रचना समजावून देण्याची गरजच नाही. मांडवाच्या मध्याला रंगीत दोऱ्या टांगलेल्या असतात, प्रत्येक खेळगडी एकेक दोरी धरतो, आणि ढोल-झांजांच्या तालावर निम्मे एका अंगाने व निम्मे दुसऱ्या अंगाने परस्परांना आतून-बाहेरून ओलांडत गेले की वरून खाली गोफ गुंफत येतो. मग उलट्या पावलांनी तोच गोफ सोडवतात. मारुदाई म्हणजे हाच खेळ उलटा करून मांडलेला आहे. तेथे माणसांच्या जागी रिळे आहेत आणि गोफ वरून खाली वाढण्याऐवजी भोकातून खाली उतरतो, एवढेच. युरोपात मँचेस्टरच्या टॉमस वॉलफोर्डने १७४८ मध्ये गोफ विणणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले, आणि त्या कुळीची यंत्रे आजही बुटांच्या नाड्यांपासून विजेच्या तारांवरच्या आवरणापर्यंत सर्व काही याच फेर धरण्याच्या तत्त्वावर विणतात. काणकोणचा गोफ पाहताना एक गोष्ट जाणवते: एखाद्या गड्याने दोरी सैल धरली तर वरची वीण तेवढ्याच जागी भोंगळ होते, आणि म्हातारे खेळगडी पोरांना पावलांसाठी जितके रागावतात तितकेच दोरी ढिली सोडल्याबद्दल रागावतात.

आता चकतीचा विचार निःपक्षपातीपणाने करायला हरकत नाही. तिचा प्रसार करण्याचे श्रेय तादा माकिको यांना दिले जाते, आणि त्या काही उथळ हौशी नव्हेत. जपानी गोफांवर त्यांनी अनेक खंडांची सविस्तर ग्रंथमाला लिहिलेली आहे. अडणी परवडत नाही, घरात ठेवायला जागा नाही, शाळेतील मुलांना एका तासात काही दाखवायचे आहे, अशा वेळी चकतीला तोड नाही. आगगाडीत ती मांडीवर घेऊन बसता येते. मध्येच उठावे लागले तर तीन धागे एका बाजूला असताना काम थांबवावे, म्हणजे परत आल्यावर पुढची चाल कोणती हे चकतीच सांगते. ही युक्ती मारुदाईवाल्यांनाही हेवा वाटावा अशी आहे. मण्यांचे गोफ करणारे कारागीर तर चकतीवरच उत्तम काम करतात. पण तिचा दोष तिच्या गुणातच आहे. धागा खाचेत गच्च बसतो, म्हणून तो सुटत नाही, आणि म्हणूनच त्याचा ताण खाचेच्या चिमट्यावर व ओढणाऱ्या बोटांच्या त्या क्षणीच्या लहरीवर अवलंबून राहतो. तेथे पासंगाचे काम सामान्यतः नसते. बिंदू सरकला तरी चकती तो सावरून धरते, दाखवत नाही. फोम वापरून वापरून ढिला पडला की खाचा धागा सोडू लागतात, आणि आतापर्यंत बरा उतरणारा गोफ एकाएकी का बिघडला हे शिकणाऱ्याला उमगत नाही, कारण बरा का उतरत होता हेच त्याला कधी कळलेले नसते. म्हणून माझे मत असे की, चकतीने ओळख करून घ्यावी, कोंगो व एखादा चौकोनी गोफ तिच्यावर करून पाहावा, आणि नक्ष्यांच्या वहीची पुढची पाने उलटण्याच्या मोहात न पडता अडणीकडे जावे. दहा नक्ष्या चकतीवर येणाऱ्यापेक्षा एक कोंगो तीन वेगवेगळ्या पासंगांवर उतरवून ते तिन्ही शेजारी ठेवून पाहिलेला माणूस या विद्येत पुढे गेलेला असतो.

धाग्याविषयी थोडक्यात सांगता येईल. जपानात गोफासाठीचे रेशीम मापून कापलेल्या लडींत मिळते. ओबिजिमेसाठी ताणा सुमारे २.७० मीटरचा काढतात आणि त्यातून दीड मीटरच्या आसपास गोफ उतरतो, म्हणजे तिरप्या चालीत जवळजवळ निम्मी लांबी खर्ची पडते, हा हिशेब आरंभीच लक्षात ठेवावा. पहिल्या गोफाला मात्र रेशीम घेऊ नये. खऱ्या रेशमाचे तंतू हाताच्या कातडीच्या बारीकशा खरबरीतपणालाही अडकतात, आणि लोकर घ्यावी तर तिची लव सगळे दोष झाकून टाकते. जाडसर, पिळदार, गुळगुळीत सूत, तेही परस्परविरोधी दोन रंगांत, हे सर्वांत प्रामाणिक. त्यात काही लपत नाही. पुण्याच्या रविवार पेठेत किंवा मुंबईच्या भुलेश्वरात आर्ट सिल्कच्या ज्या लडी मिळतात त्या दुसऱ्या पायरीला चांगल्या, पण निसरड्या असतात. सुरगाठ घसरत असेल तर रिळावर वेढा एकाऐवजी दोनदा घ्यावा.

पुस्तकांची स्थिती पूर्वीपेक्षा खूपच सुधारली आहे. इंग्रजीत कॅथरिन मार्टिन यांचे पुस्तक १९८६ मध्ये, जॅकी केरी यांचे १९९४ मध्ये आणि रॉड्रिक ओवेन यांचे जपान व पेरू या दोन्ही परंपरांतील अडीचशे नमुन्यांचे पुस्तक १९९५ मध्ये आले, आणि यांच्यामुळे जपानी न येणाऱ्या माणसाला घरबसल्या या विद्येत प्रवेश करता आला. वर्तुळ, त्यावर ठिपके, ठिपक्यांना आकडे आणि चालीचे बाण, अशी या पुस्तकांची लिपी एकदा समजली की कोणताही नवा गोफ वाचून उतरवता येतो. परंतु ती लिपी मार्ग सांगते, ताण सांगत नाही. केरी यांच्यासारखे लेखक पासंगाच्या वजनाचे आकडे देतात, तरी हात कसा उचलावा हे आकड्यात मावत नाही. चलच्चित्रे यासाठी पुस्तकापेक्षा उपयुक्त, मात्र शिकवणाऱ्याचे दोन्ही हात आणि तबकडीचा मध्य एकाच वेळी दिसत असतील तरच. २०१६ साली आलेल्या माकोतो शिन्काई यांच्या ‘किमि नो ना वा’ या चित्रपटात आजी नातींना मारुदाईवर गोफ शिकवते, असा प्रसंग आहे; त्या चित्रपटानंतर या कलेचे नाव जगभरच्या तरुण मंडळींच्या तोंडी आले. त्यांतली किती टिकली हा प्रश्न निराळा.

गुरूजवळ बसून शिकण्याची सोय जपानातच उत्तम, हे उघड आहे. तोक्योतील दोम्यो हे घराणे आपला आरंभ १६५२ पर्यंत मागे नेते. शोसोइन व होर्यूजी येथील प्राचीन गोफांच्या प्रतिकृती करण्याचे काम त्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या झालेले आहे, आणि आज तेथे बाहेरच्यांनाही शिकवतात. इगाच्या केंद्रात पाहुण्यांना अल्पावधीत लहानसा गोफ करवून घेतात. तो अनुभव छान, पण त्यात रिळे आधीच भरलेली, पासंग आधीच तोललेला आणि चूक झाली तर सावरायला कारागीर शेजारी उभा असतो, म्हणून त्याला शिक्षण म्हणण्यापेक्षा आदरातिथ्य म्हणावे हे बरे. जुन्या उमेदवारीत वर्षानुवर्षे मुलांना रिळे भरणे व लडी सोडवणे एवढेच काम असे, अशी तक्रार आजचे लोक करतात; तीत तथ्य आहे, तरी ज्याने शेकडो रिळांना सारख्या ताणाने धागा भरला त्याच्या बोटांना ताण कळत नाही असे होणे अशक्य.

आपल्याकडच्या वाचकाने एक गोष्ट विसरू नये की, जपानला गेल्याशिवायही या जातीची विद्या पाहायला मिळते. दागिने रेशमात ओवणारे, गोंडे व करगोटे करणारे पटवेकरी धाग्याचे एक टोक पायाच्या अंगठ्यात अडकवून बसतात, आणि त्या अंगठ्याच्या मागेपुढे होण्याने वीण घट्ट किंवा सैल ठेवतात. पासंगाचे काम तेथे पाय करतो. राखणीच्या वेळी पाखरे उडवायला शेतकरी जी गोफण वापरतो तिच्या दोऱ्याही पेडांनीच गुंफतात, आणि दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतातल्या मेंढपाळांनी तर गोफणीच्या दोरीला सोळा, चोवीस, बत्तीस पेडांच्या नक्षीपर्यंत नेले, तेही अडणीवाचून, केवळ हातात. राजस्थान-गुजरातेत उंटाचे तंग करण्याची एक स्वतंत्र तऱ्हा आहे; तीत पीळ दिलेल्या दोरीचे पेड फाकवून त्यांतून दुसरी दोरी ओढून घेतात. तिचा अभ्यास इंग्रज विणकर पीटर कॉलिंगवुड यांनी केला आणि १९९८ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. हे सर्व कारागीर आपण कुमिहिमो करतो असे कधी म्हणणार नाहीत, पण त्यांच्याजवळ तासभर बसून त्यांचा ताण कोठून येतो एवढेच पाहिले तरी पुस्तकातले एक प्रकरण वाचून होते.

मारुदाईनंतर काय, हा प्रश्न नवशिके फार लवकर विचारतात. ताकादाई, म्हणजे उंच अडणी, हे चपट्या गोफांचे साधन. कारागीर तिच्या चौकटीत बसतो, धागे डाव्या-उजव्या हातांना खुंट्यांवर पसरलेले असतात, एका बाजूचा सर्वांत बाहेरचा पेड बाकीच्यांमधून पार करून दुसऱ्या बाजूला न्यायचा आणि बांबूच्या पट्टीने ठोकून बसवायचा, असे ते काम आहे. पन्नास-साठ रिळे तेथे सहज लागतात. आयाताकेदाईत आडवा धागाही असतो. नाइकीदाई हे एदो काळातील दातेरी चाकांचे यंत्र तर केवळ संग्रहालयात पाहावे. यांपैकी कशाचीही नवख्याला घाई नाही. ताकादाईवर ताणाबरोबर ठोकण्याचा जोरही सारखा ठेवावा लागतो, म्हणजे चुकीच्या वाटा दोन होतात, आणि गोफ बिघडला तर कोणत्या वाटेने बिघडला हे ठरवणे ज्याला एक वाट पुरती परिचित आहे त्यालाच जमते.

मारुदाई परदेशातून मागवलीच पाहिजे असे नाही. साधा सुतार ती करून देतो. त्याला दोन गोष्टी तेवढ्या बजावून सांगाव्यात, तबकडीच्या वरच्या कडेला धार राहू देऊ नये व मधल्या भोकाचा काठही तितकाच गोल घासावा, कारण धागा झिजतो तो या दोन जागी. रिळांसाठी कातकाम करणारा कारागीर हवा. सावंतवाडीला लाकडी खेळणी करणारे हे काम डोळे झाकून करतील. शिसे मिळाले नाही तर औषधांच्या लहान बाटल्यांत वाळू भरूनही काम भागते, दिसायला ते सुंदर नसते एवढेच. मात्र लाकूड एकाच झाडाचे असले तरी आठ रिळांचे वजन कधी सारखे भरत नाही; तेव्हा धागा गुंडाळण्याआधी ती सगळी ओळखीच्या सराफाच्या काट्यावर घालावीत आणि सर्वांत जड रिळाचा धडा करून बाकीच्या सातांत छिद्र पाडून, छर्रे घालून, मेणाने बंद करून ती त्याच्या बरोबरीला आणावीत.